बुरशी न येणारी खोली

तळवट्याच्या शिवलकरांच्या घरातल्या कोठीच्या खोलीला रंग लागला तो वैशाखात, आणि लावला तोही रंगाऱ्यानं नव्हे, पुण्याहून आलेल्या लेकीनं. केतकीनं रंगांच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती, एका मोठ्या रंग कंपनीत तिच्या हाताखाली अख्खी प्रयोगशाळा होती. पण त्या दिवशी आईचं जुनं फडकं डोक्याला गुंडाळून ती शिडीवर चढली होती आणि खाली उभी राहून आई हुकूम सोडत होती.

"त्या कोपऱ्यात राहिलं बघ गो. एवढी शिकलीस, पण हात अजून घाईचाच."

"आई, दुसरा हात द्यायचाय अजून."

"पहिला नीट दिला तर दुसरा कशाला लागतो?"

दाराशी दर्शनावहिनी चहा घेऊन उभी होती. तिला हसू येत होतं, पण सासूसमोर ते तिनं ओठांतच ठेवलं. "वन्सं, चहा घ्या आधी," ती म्हणाली. वन्सं ही हाक आता कुणी मारत नाही. दर्शनानं लग्नानंतर ती थट्टेनं सुरू केली आणि मग तीच तोंडात बसली.

या रंगामागे एक कारण होतं. कोकणात पावसाळ्याआधी घरात वर्षाचं सामान भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. तांदूळ, कुळीथ, पापड, फेण्या, आमसुलं, सुकट, सोडे, मसाला. पूर्वी ही बेगमी चार महिने टिकली की भागायचं. आता पावसाचं वेळापत्रकच बिघडलं होतं. तो एकदा आला की दिवाळीचे फटाके भिजवल्याशिवाय जात नसे, आणि मधे उघडीप पडली तरी हवा ओली ती ओलीच. चिऱ्याच्या भिंती पाणी पीत बसत. गेल्या वर्षी कणगीतला तांदूळ तेवढा वाचला, बाकी शिवलकरांची सगळी आगोट काळी पडली. पापडांवर लव, सोड्यांवर लव, मसाल्याचा गठ्ठा झालेला. आणि आईनं शेजारणींसमोर दर्शनाला बोल लावला होता, "झाकणं घट्ट लावायचं वळण नाय, दुसरं काय."

वहिनीनं खोली साबणानं धुतली, डबे उन्हात घालायला ऊनच नव्हतं म्हणून चुलीशी शेकवले. केतकीला हे सारं फोनवर आईकडूनच कळलं, आणि आईचा तिला राग आला. पुढल्या वर्षी त्या खोलीत एक पापड खराब होऊ द्यायचा नाही, असं तिनं तेव्हाच मनाशी घेतलं होतं.

तेवढंच कारण असतं तर बरं झालं असतं. दुसरंही होतं. तिच्या नव्या रंगाला अजून बाजारात यायची परवानगी मिळायची होती, आणि राहत्या घरातली चाचणी कुणी केलेली नव्हती. नाव न छापलेले दोन डबे तिनं न विचारता प्रयोगशाळेतून गाडीत टाकले. खोलीच्या आढ्याला तिनं आर्द्रता मोजणारं बारकंसं यंत्रही चिकटवलं. त्याचे आकडे थेट तिच्या फोनवर येत. घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

रंगाचं नाव होतं 'नितळ'. बुरशीविरोधी रंग तसे जुनेच. त्यांत विष असतं, ते हळूहळू झिरपून संपतं आणि दोनेक पावसाळ्यांनी भिंत पुन्हा काळी. केतकीनं बुरशीला मारायचा नादच सोडला होता. हवेत बुरशीचे बीजाणू कायम तरंगत असतात. ओल मिळाली की ते रुजतात, डोळ्यांना न दिसणारे तंतू सोडतात, आणि बस्तान बसलं की वर येऊन फुलतात. आपल्याला दिसते ती हिरवी-काळी लव म्हणजे हा फुलोरा. कुबट वासही साधारण त्याच सुमाराला येतो. फुलायचं की थांबायचं, हे बुरशी ठरवते ते आसपासच्या बुरशीनं हवेत सोडलेल्या रेणूंवरून. गर्दी फार झाली असं कळलं की ती थांबते. 'नितळ'मध्ये हाच गर्दीची खबर देणारा रेणू अतिसूक्ष्म कुप्यांत भरलेला होता. हवा दमट झाली की कुप्या उघडत, कोरडी झाली की मिटत. रेणू हवेतच पसरत असल्यामुळे भिंतच काय, खोलीत ठेवलेल्या वस्तूंवरही बुरशी फुलत नसे.

फुलत नसे, एवढंच. रुजत नसे असं कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणजे पाहिलं होतं, पण नीट पाहिलं नव्हतं. त्याआधीच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत तांदळाच्या काही तबकड्या 'नितळ' लावलेल्या पेटीत ठेवल्या होत्या. एकीवरही लव नव्हती. पण अतिनील दिव्याखाली धरल्यावर एका तबकडीतले काही दाणे निळसर चमकले. शेंगदाण्यावर, धान्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृत पोखरतं, आणि अतिनील उजेडात निळं चमकतं. हे केतकीला पाठ होतं. रंग शुभ्र दिसावा म्हणून त्यात घालतात ती पूडही निळीच चमकते, हेही पाठ होतं. पूड उडाली असेल, ती स्वतःशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी संचालकांसमोर सादरीकरण होतं. तबकडी तपासणीला पाठवायची राहून गेली आणि धुतली गेली. धुतली गेली म्हणजे काय, तिनंच धुतली.

दुसरा हात देऊन झाल्यावर केतकीनं खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या आणि अतिनील बॅटरी भिंतींवरून फिरवली. त्या पुडीमुळे रंग बसलेली जागा चमकते, सुटलेली काळी राहते. आईनं दाखवलेला कोपरा खरोखरच सुटला होता. आईला तिनं ते सांगितलं नाही, गुपचूप कुंचला मारला.

पावसाळा लागला आणि खोलीची कीर्ती वाडीभर झाली. आषाढ सरला तरी पापड कडक, मसाला भुगा, सोड्यांना सोड्यांचाच वास. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून खोली दाखवायला न्यायची. "माझ्या लेकीनं लावलाय. बाजारात नाय मिळायचा." फोनवर वहिनीही खुशीत असे.

"वन्सं, खोली एकदम झकास आहे हां. फक्त एक गंमत झालीय. आंबोळीचं पीठ काही फुगत नाही. रात्रभर ठेवलं तरी जसंच्या तसं. आई म्हणतात, माझ्या हातालाच गुण नाही."

"हात कसला, हवेचा दोष," केतकी हसून म्हणाली. खोलीतला रेणू स्वयंपाकघरापर्यंत पोचतोय आणि पिठातल्या जिवांनाही गप्प बसवतोय, हे तिच्या ताबडतोब ध्यानात आलं होतं. उलट तिला बरंच वाटलं. रेणू इतका लांब जातो हे तिला ठाऊक नव्हतं. वहिनीचा हात त्यात निर्दोष आहे, हे आईला फोन करून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण मग हे काय हवेत सोडलंस, असं आईनं विचारलं असतं.

कंपनीच्या बैठकीत तिनं त्या खोलीचे फोटो दाखवले. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत पांढऱ्याशुभ्र भिंतीशी पापडांची चवड. दिघे साहेब, तिचे वरिष्ठ, मान डोलावत होते. दिवाळीला 'नितळ' बाजारात येणार होता, आणि पहिली मागणी होती शाळा-अंगणवाड्यांच्या धान्याच्या खोल्यांसाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केतकीला त्या टाळ्या मनापासून आवडल्या, यात खोटं काही नाही.

श्रावणाच्या शेवटी दादाचा फोन आला.

"दर्शनाला कावीळ झालीय," सुहास म्हणाला. तो खाडीवरच्या फेरीबोटीची इंजिनं बघायचा, आणि इंजिनाबद्दल बोलावं तसंच बायकोबद्दलही मोजकं बोलायचा. "पाण्याचीच असणार. पाऊस कसा चाललाय बघतेस ना."

"तुम्हाला दोघांना काही नाही?"

"आम्ही ठीक. माझी साखर, मी आपला नाचणीची भाकरी खातो. आईचंही तसंच. भाताची हौस दर्शनालाच. सकाळी पेज, दुपारी भात. आता तर पथ्यालाही पेजच."

केतकीनं फोन ठेवला. पाणी तर तिघंही एकच पीत होते. भात एकटी वहिनी खात होती. हे तिच्या डोक्यात आलं होतं, आणि तिनं ते बाजूला सारलं होतं. गणपतीला जायचंच आहे, तेव्हा बघू, असं ती स्वतःला म्हणाली.

गणपतीला ती गेली तेव्हा घरात गडबड होती. मखरापाशी आरतीची ताटं, ओटीवर माणसांची ये-जा, आणि माजघरात खाटेवर वहिनी. डोळे पिवळे, चेहरा उतरलेला, तरी केतकीला पाहून ती उठून बसायला लागली.

"पडून राहा गं. कसं वाटतंय?"

"अन्नावर वासना नाही. पण आई ऐकत नाहीत, जबरदस्तीनं भरवतात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "खरं सांगू? गेल्या वर्षीचं त्यांच्या मनात आहे. बोलून दाखवत नाहीत, पण पेज स्वतःच्या हातानं करतात, मला उठू देत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून इतकं प्रेम मी बघितलं नव्हतं."

दुपारी जेवणं उरकून सगळे लवंडले तेव्हा केतकी कोठीच्या खोलीत गेली. भिंती वैशाखात होत्या तशाच पांढऱ्या. तिनं तांदळाच्या कणगीत हात घातला. उकडा तांदूळ, तांबूस, टपोरा. हाताला किंचित गार लागला, म्हणजे त्यात ओल होती. वास काहीच नव्हता. तिनं मूठभर दाणे सुपात घेतले, खिडक्या लावल्या, आणि बॅटरी पेटवली.

काही दाणे निळे चमकले.

पूड, तिनं म्हटलं. चमकलेले दाणे तिनं मोरीत नेऊन खळखळून धुतले, पुसले, परत आणले. ते पुन्हा चमकले. मग एक दाणा तिनं अडकित्त्यात धरून फोडला. आतला गाभाही निळा होता. दाण्याच्या आत रंगाची पूड जाऊ शकत नाही.

ती जमिनीवर बसली. काय झालं असेल ते आता तिला स्वच्छ दिसत होतं. 'नितळ'नं बुरशीला फुलू दिलं नाही, पण रुजायला मनाई केली नव्हती. बुरशी दाण्यात शिरली, तिथंच कोंडून राहिली, आणि संकटात सापडलेली बुरशी जे करते ते करत बसली. विष बनवत बसली. उघड्यावर असती तर लव आली असती, कुबट वास आला असता, आईनं ते सूप उकिरड्यावर पालथं केलं असतं. गेल्या वर्षीची काळी आगोट निदान खरं बोलत होती. या वर्षीचं सामान दिसायला सुरेख होतं, आणि त्याचं तोंड केतकीनं बंद केलं होतं.

आणि तिला हे हिवाळ्यातच कळू शकलं असतं. एक तबकडी, एक तपासणी.

ती बाहेर आली तेव्हा आई आणि दादा माजघराच्या दारातच होते. पलीकडे खाटेवर वहिनी डोळे मिटून पडली होती. मखरात गणपती बसलेला. अशा घरात 'विष' हा शब्द उच्चारायचा कसा? शिवाय अजून खात्री कुठं होती? तपासणीशिवाय बोलणं शास्त्राला धरून नाही, असंही तिनं स्वतःला बजावलं. शास्त्राची आठवण तिला अगदी सोयीच्या वेळी झाली.

"आई, त्या तांदळाला रंगाचा वास लागलाय," ती म्हणाली. "कुणी खाऊ नका. सगळा टाकून द्या. मी दुसरा मागवते."

"रंगाचा वास?" आईनं तिच्या हातातले दाणे घेऊन हुंगले. "मला तर काय येत नाय."

"येईल. टाकून दे म्हणते ना."

"बरं, विसर्जन झालं की टाकतो," दादा म्हणाला. "आता लोकांच्या देखत धान्य फेकायला नको."

केतकीनं मान हलवली. एका पिशवीत चार मुठी तांदूळ घेऊन ती दुसऱ्या दिवशी पुण्याला परतली. तपासणी लवकर व्हावी म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे की वहिनीच्या पिवळ्या डोळ्यांसमोर तिला बसवत नव्हतं.

तपासणी करणाऱ्या मैत्रिणीनं फोनवर आधी विचारलं, "हे कुणी खाल्लेलं नाही ना?" केतकीनं आकडा विचारला. विष खाण्यालायक मर्यादेच्या कितीतरी पट निघालं होतं.

ती तशीच दिघे साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. तबकडीसकट.

दिघ्यांनी उठून दार लावून घेतलं. "रंग तू परवानगीशिवाय बाहेर नेलास. घर तुझं, धान्य तुमचं. कंपनीचा याच्याशी संबंध येतो कुठं?"

"शाळांच्या खोल्यांना लागणार आहे तो, सर."

"मग पुन्हा चाचण्या करू. शांतपणे. पण तू आता बाहेर याची वाच्यता केलीस तर तुला कुणी वाचवू शकणार नाही."

तेवढ्यात दादाचा फोन आला. वहिनीची शुद्ध हरपत होती. तिला चिपळूणला इस्पितळात हलवलं होतं.

सबंध घाट उतरेपर्यंत केतकी एकच हिशेब करत होती. तांदूळ तर कधीच टाकला. विष थांबलं. मग उतार पडायला हवा होता, वाढलं कसं?

इस्पितळाच्या जिन्यावरून ती वर आली तेव्हा बाकावर आई दिसली. मांडीवर स्टीलचा डबा, हातात चमचा. शुद्ध येईल तेव्हा भरवायला म्हणून ती बसून होती.

"आई, त्यात काय आहे?"

"पेज. दुसरं काय देणार?"

"कुठल्या तांदळाची?"

आईनं डबा जवळ ओढला. "जुन्या. कणगीच्या तळाशी होता ना, गेल्या सालचा. वरचा टाकला सगळा, तू म्हणालीस तसा. पण पथ्याला जुनाच तांदूळ लागतो, नवा पचत नाय. त्याला कसलाच वास नव्हता. मी चावून पण बघितला. म्हणून तेवढा हिच्यासाठी डब्यात भरून ठेवला."

केतकीनं डबा तिच्या हातातून घेतला. आई "अगो, सांडशील" म्हणाली. दादा औषधांच्या खिडकीकडून येत होता, तोही थांबला.

त्या क्षणी तिला एक गोष्ट करता आली असती. डबा उचलून मोरीत ओतायचा, डॉक्टरांना एकटीला गाठून सांगायचं, आणि आईला पाण्याच्या काविळीच्या समजातच ठेवायचं. आई सत्तरीला आली होती. सुनेला तिनं जे पहिल्यांदा मनापासून दिलं होतं ते काय होतं, हे तिला कळून काय मिळणार? केतकीला हे सगळं सुचलं, आणि क्षणभर ते चांगुलपणासारखं वाटलंही. पण घरी डब्यात अजून तांदूळ होता, आणि मागच्या वेळी तिनं दिलेलं खोटं कारण आईनं आपल्या अकलेनं तपासून बघितलं होतं. आता दुसरं खोटं कारण दिलं तर तेही ती तसंच तपासणार होती.

"आई, त्या तांदळात विष आहे," ती म्हणाली. "रंगामुळे झालंय. माझ्या रंगामुळे. त्यानंच वहिनी आजारी पडलीय."

आईला आधी काही कळलंच नाही. मग तिनं चमच्याकडे बघितलं.

"मग मी भरवत होते ते?"

केतकीला 'नाही' म्हणायचं होतं. "हो," ती म्हणाली. "पण दोष तुझा नाही. माझा आहे. मला गणपतीतच कळलं होतं."

"तू तर रंगाचा वास म्हणालीस."

"हो."

"वास नव्हता त्याला. म्हणून तर मी ठेवला." आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "विष म्हणाली असतीस तर मी दाणा तरी ठेवला असता का गो घरात?"

दादा पुढं आला नाही, ओरडला नाही. "मला तरी सांगायचंस, केतकी," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टर नाझनीन परकारांना तिनं तपासणीचे सगळे आकडे दिले. डॉक्टर ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा कठीण होत होता. "सगळे विषाणू तपासले मी, एकही सापडेना. पेज चालू ठेवा, असं मीच सांगत होते," त्या म्हणाल्या. "हे आधी सांगितलं असतंत तर खूप सोपं होतं." मग त्या आत निघून गेल्या आणि आत धावपळ सुरू झाली.

केतकीनं तिथंच, जिन्याच्या पायरीवर बसून, रंगाला परवानगी देणाऱ्या खात्याला फोन लावला. स्वतःचं नाव, पद, चोरून नेलेले डबे, धुतलेली तबकडी, काही वगळलं नाही. संध्याकाळपर्यंत 'नितळ' थांबवला गेला आणि तिची नोकरी गेली. पुढं चौकशी बसली. चौकशीत तिला विचारलेल्या एकाही प्रश्नाचं तिला काही वाटलं नाही. आईनं विचारलेल्या एका प्रश्नानंतर बाकी सगळे सोपे होते.

दर्शना वाचली. यकृत अर्ध्याहून जास्त कामातून गेलं होतं. आयुष्यभर जपावं लागेल, जड कामं नाहीत, मूल होऊ देण्याचा विचार सोडून द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा-वहिनींनी मुलासाठी आणखी एक वर्ष वाट बघायची ठरवली होती, हे केतकीला तेव्हा कळलं. दादानंच सांगितलं, इंजिनाबद्दल सांगावं तसं.

दर्शना इस्पितळातून घरी आली तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि पाऊस अजून होताच. कोठीच्या खोलीतलं सारं सामान जाळलं होतं, भिंती चिऱ्यापर्यंत खरवडल्या होत्या, आणि उघड्या चिऱ्यावर बुरशीची हिरवट झाक यायलाही लागली होती. केतकी वहिनीला बघायला आली, आणि तिला दिसलं की आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. चुलीला हात लावत नाही, कुणाला पाण्याचा तांब्याही देत नाही. ओटीवर एका कडेला बसून असते. स्वयंपाक दादा करायचा, बोटीवरून आल्यावर, जमेल तसा.

"आई," माजघरातून वहिनीनं हाक मारली. "मला पेज हवी."

"सुहास येईल आता."

"त्यांची पेज म्हणजे नुसतं पाणी. तुम्ही करा."

"मी नाय करायची, बाय. माझ्या हातानं नको."

"तुमच्या हाताला काय झालंय?"

आई रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. वहिनी खाटेवरून उठायला लागली, भिंतीचा आधार घेत. "मला धड उभं राहता येत नाही, नाहीतर मीच केली असती. आता तुम्ही नाही केलीत तर मी उपाशी राहीन. भूक लागलीय मला, आई. कितीतरी दिवसांनी लागलीय."

मग आई उठली. दुकानातून आणलेले तांदूळ तिनं ताटलीत घेतले आणि आधी वहिनीसमोर धरले. वहिनीनं दाणे बोटांनी परतले, बघितले, आणि "टाका" म्हणाली. थोड्या वेळानं चुलीवर पेज रटरटायला लागली. आई वाटी घेऊन आली तेव्हा वहिनीनं वाटीखाली आपला हात धरला. चमचा आईच्या हातात होता. वहिनीनं तोंड उघडलं, आणि सगळी वाटी संपेपर्यंत ती तशीच खात राहिली. शेवटी आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

केतकी उंबऱ्याशी उभी होती. आता बोलायला हरकत नाही असं तिला वाटलं. आई आत वाटी धुवायला गेल्यावर ती खाटेपाशी जाऊन बसली.

"वहिनी, मला माफ करशील?"

दर्शनानं तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांतला पिवळेपणा अजून पुरता गेला नव्हता.

"आईंना ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं, वन्सं. तुम्ही याच उंबऱ्यात उभ्या होतात. मी डोळे मिटले होते, पण झोपले नव्हते. तुम्ही म्हणालात, रंगाचा वास लागलाय, टाकून द्या, मी दुसरा मागवते. मी ऐकलं. मला वाटलं, वासापायी सगळा तांदूळ फेकायला सांगतात, किती काळजी आहे वन्संना माझी."

केतकीनं मान खाली घातली.

"तुमचा राग येतो मला. नाही येत असं नाही म्हणणार मी," वहिनी म्हणाली. मग ती पुन्हा आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "जेवून जा. आई वाढतील."

एरवी माहेरी केतकी स्वयंपाकघरात आईच्या शेजारी बसून जेवायची, तव्यावरचं उचलून खायची, आणि आई तिच्या 'नको'कडे लक्ष न देता वाढत राहायची. आज आईनं तिचं पान बाहेर ओटीवर मांडलं. भात, कुळथाची पिठी, एक लोणच्याची फोड. दादा बोटीवरून आला, हातपाय धुऊन तिच्या समोर बसला, आणि परतीची गाडी कधीची आहे ते त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. पाऊस पडत होता. केतकीनं पानातलं सगळं संपवलं. आणखी हवं का, असं तिला कुणी विचारलं नाही.